मागणी नाही

बाई: विषय बदलू नका. बालवाडीत गाणं म्हणता म्हणता मूल माझ्या मांडीवर कलंडलं. सकाळी दहा वाजता! ताप नाही, खोकला नाही. काय दिलंय तिला?

आई: काही नाही हो बाई. रात्री उशिरा झोपली. उठवा ना तिला, माझी जेवणाची सुट्टी संपत आली. शिलाई तशीच मशीनवर टाकून आलेय.

बाई: सगळी मुलं घरी गेली, ही अजून चटईवर आडवी. अहो, हिला आम्ही भिंगरी म्हणतो! दोन मिनिटं एका जागी टिकली तर शपथ. आणि आठवडाभर बघतेय, नुसती पेंगतेय. खरं सांगितल्याशिवाय मी तिला देणार नाही.

आई: ...औषध देते. खोकल्याचं.

बाई: खोकला नसताना?

आई: झोप येते ना त्यानं.

बाई: चार वर्षांचं मूल आहे ते! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?

आई: ओरडू नका, उठेल ती. म्हणजे, उठणार नाहीच म्हणा.

बाई: हसण्यावारी नेताय?

आई: मग काय करू, रडत बसू? तुमची बालवाडी सुटते एकला. माझी शिलाई सुटते सहाला. मधले पाच तास पोरीला काय खुंटीला टांगू?

बाई: घरी कोणीच नाही?

आई: नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस तोंड दिसत नाही त्याचं. सासूबाईंना स्वतःलाच उठवून बसवायला माणूस लागतं. मग नेते कारखान्यात. कापडाच्या गठ्ठ्यांमागे बसवते. आधी बसायची हो शहाण्यासारखी. तुम्ही शिकवलंत ना, रंगाप्रमाणे वेगळं करायचं? बटणांचा अख्खा डबा निवडला तिनं एका दुपारी. मला असं भरून आलं! आणि ही बया ओरडली, "आई, झालं!" सुपरवायझरनं ऐकलं. म्हणाला, पोर परत दिसली तर दोघींनी घरीच बसायचं.

बाई: म्हणून झोपवायचं.

आई: हो, म्हणून झोपवायचं. आधी एक चमचा पुरायचा. आता नाही पुरत, दोन देते. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुंगी उतरत नाही.

बाई: अहो, जिवाशी खेळ आहे हा. एखाद्या दिवशी उठलीच नाही तर?

आई: मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? दर अर्ध्या तासानं पाणी प्यायच्या निमित्तानं उठते आणि तिच्या नाकाशी बोट धरून बघते. बाकीच्या बायका म्हणतात, हिला भारीच तहान लागते बाई!

(भिंगरी चटईवर कूस बदलते.)

बाई: मला हे वर कळवावं लागेल. नियमच आहे तसा.

आई: कळवा. मग काय करतील? पोरीला सांभाळायला माणूस पाठवतील, की मला नोटीस?

बाई: ...नोटीस.

आई: बघा. अहो, खासगी पाळणाघरात पण विचारून आले मी. फी ऐकली आणि आल्या पावली परत फिरले. एवढे पैसे घेऊन पोरं टीव्हीपुढे बसवतात नुसती. इथे तुम्ही जीव लावून शिकवता. मग हीच सरकारी बालवाडी सहापर्यंत का ठेवत नाहीत?

बाई: तीन वर्षं अर्ज करतेय. दर वेळी एकच उत्तर येतं, पालकांची मागणी नाही.

आई: मागणी नाही? विचारलं कोणाला?

बाई: वर्षातून एकदा सभा असते. कार्यालयात, सकाळी अकराला. जी डोकी समोर दिसतात ती मोजतात. गेल्या वर्षी दोघेच आले होते. दोघांनाही कामधंदा नव्हता. म्हणाले, एकला सुटते तेच बरं आहे.

आई: अहो, ज्याला गरज आहे तो अकराला कामावर नसणार का?

बाई: हेच मी लिहून दिलं.

आई: लिहून काय होतंय? तुम्ही स्वतः जाऊन भांडायचं!

बाई: आणि बत्तीस पोरं कोणाच्या अंगावर टाकू? दुसऱ्या शिक्षिकेची जागा दोन वर्षं रिकामी आहे. हे बघा, यंदाची सभा गुरुवारी आहे. तुम्ही या. एक दिवस खाडा करा.

आई: खाडा केला की शुक्रवारी दारात उभं करणार नाही तो. मला काढायला निमित्तच शोधतोय.

बाई: तरी या. फक्त दाखला आणा. पूर्ण वेळ मागायची तर कामावर असल्याचा दाखला लागतो.

आई: म्हणजे आले तर काम गेलं. काम गेलं की दाखला नाही. दाखला नाही म्हणजे मला गरज नाही. वा! आणि नाही आले तर मागणीच नाही. कोणी हो एवढं डोकं लावलं?

बाई: कोणी नाही लावलं. पहिल्यापासून असंच चालू आहे. मला काय आवडतं का हे?

आई: मग तुम्हीच ठेवा ना तिला एकनंतर. तुमच्या घरी. कोपऱ्यात बसेल हो. पाया पडते बाई तुमच्या.

बाई: अहो, नका असं करू, उठा. नाही जमायचं मला. मलाही लहान आहे. दीड वर्षाचा. सुटले की पळत त्याला आणायला जाते. आजही उशीर झालाय.

आई: तुम्हाला बाळ आहे? कधी बोलला नाहीत! सकाळी कुठे असतो मग?

बाई: गल्लीत एक मावशी आहेत, सात-आठ मुलं सांभाळतात. इथे तीन वर्षांखालचं घेत नाहीत ना. माझं असलं तरी नाही.

आई: रडत असेल बिचारा.

बाई: सुरुवातीला फार रडायचा. मला इथे शिकवताना सुचायचं नाही काही. आता एकदम छान रुळलाय. जाते तेव्हा गाढ झोपलेला असतो.

आई: रोज?

बाई: रोज. घरी आणून ठेवला तरी तास-दोन तास...

आई: आणि बाकीची पोरं?

बाई: सगळीच झोपलेली असतात.

आई: सात-आठ पोरं. एकाच वेळी.

बाई: ...मी कधी विचारलंच नाही हो त्यांना.