नातीच्या टाकीतलं लाकूड

शोभेच्या माशांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिक्षिकेला पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं.

“नातीच्या टाकीत ठेवायचं लाकूड, आणि तुम्ही त्याला पॉलिश मारलंत?”

“सवयीनं हात गेला गं.”

“चांगलं उकळून, भिजवून, वाळवून दिलं होतं मी. आता ते पॉलिश पाण्यात उतरलं की मासे मरतील.”

“घासून काढतो.”

“आत मुरलेलं कधी निघतं का? तुम्हीच सांगायचात ना गिऱ्हाइकांना?”

“बरं, इथून दुसरं घेऊ. हे टाकून देतो.”

“टाकता कशाला? आणा इकडे. जन्मभर लोकांची कपाटं चमकवलीत. आपल्या घरात एक तरी वस्तू चमकू दे.”

“मग अजून एक हात मारावा लागेल.”