डाव्या हाताची थोबाडीत

…अहो, खुर्ची मागे कलते म्हणून जास्त पैसे? हे कुठलं गणित? तुम्हाला सांगतो, सगळं आयुष्य गाद्या भरण्यात आणि खुर्च्या मढवण्यात गेलं माझं, पण बसणाऱ्याला एवढा भुर्दंड पाडणारी खुर्ची काही बघितली नव्हती. आणि ती तिकिटाच्या खिडकीतली मुलगी बोलते काय गोड! 'आजोबा, साध्या संपल्या, कलणाऱ्याच उरल्यात. त्यात पायसुद्धा वर होतात.' म्हटलं, बाई, पाय वर व्हायची वेळ तशीही जवळ आलीय माझी, त्याचे आणखी पैसे कशाला घेतेस? सूनबाई मागून सदरा ओढतेय, 'बाबा, हळू बोला, लोक बघतायत.' बघू देत! ते फुकट बघतायत ना? सिनेमा बघायचा होता हो आम्हाला, विकत घ्यायचा नव्हता!

तुम्ही म्हणाल, एवढं जिवावर येत होतं तर गेलात कशाला झक मारत? तर त्याचं असं झालं… आमचं एक भांडण आहे. माझं आणि हिचं. लग्नाइतकंच जुनं म्हणा ना.

आमच्या तरुणपणी माळावर फिरता सिनेमा यायचा. दोन खांब रोवायचे, मधे पांढरं कापड ताणायचं, की झालं थेटर! कापडाच्या पुढे बसायला पुरे पैसे, मागे बसायला निम्मे. मी अर्थात मागे. ही तिच्या मामाबरोबर पुढे, सतरंजीवर. ओळख ना पाळख, मधे एक कापड… एकच चित्र, ती तिकडून बघतेय, मी इकडून बघतोय. शिकलेली माणसं मागे बसली की कुरकुर करायची, 'छ्या, अक्षरं उलटी दिसतात!' आपल्याला काय त्याचं? आपल्याला सुलटी तरी कुठे वाचता येत होती! वारा आला की कापड फुगायचं, हिरॉईन बघता बघता गरोदर दिसायची, वारा पडला की पुन्हा सडपातळ. काय मजा हो! आणि हे सगळं निम्म्या पैशात!

तर त्या सिनेमात शेवटी शेवटी हिरॉईन भर बाजारात त्या माजलेल्या व्हिलनच्या थोबाडीत मारते. डाव्या हातानं! माझ्या या डोळ्यांनी बघितलंय मी. लग्नानंतर आम्ही नवरा-बायको जरा मोकळेपणी बोलायला लागलो तेव्हा हाच सिनेमा निघाला. मी म्हटलं, काय ती डाव्या हाताची थोबाडीत! ही म्हणाली, 'डाव्या कुठली? उजव्या.' झालं! तिथून जे सुरू झालं… 'अहो, मागून बघितलंत तुम्ही, आरशात दिसतं तसं उलटं दिसलं तुम्हाला.' म्हटलं, आरसा काचेचा असतो, ते कापड होतं, कापडात कसलं उलटं दिसतंय? मुलं झाली, मुलांची लग्नं झाली, भांडण आपलं ताजं! मी भाजी सडकी आणली की ही म्हणणार, 'डाव्या हातानं निवडली वाटतं.' आणि हिच्या हातून भांडं पडलं की मी म्हणणार, 'उजवा हात असतोच तसला!'

मग त्या दिवशी सूनबाई फोनमध्ये बघून म्हणते, 'बाबा, तुमचा तो सिनेमा परत लागलाय, अगदी स्वच्छ करून. लागू दे एकदाचा निकाल!' म्हटलं, चला. माझं भांडण, माझा खर्च. म्हणजे त्या खिडकीपर्यंत तसं वाटत होतं… पुढचं तुम्हाला सांगितलंच.

सूनबाई आम्हाला सोडून खाली खरेदीला गेली. दारात एक पहारेकरी. हिची पिशवी उघडली, शेंगदाण्याची पुडी बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. 'बाहेरचं आत चालत नाही.' म्हटलं, अरे, आम्ही दोघंसुद्धा बाहेरचेच आहोत, आम्हाला बरा सोडतोस! तर हसतो नुसता. सिनेमा बघायचा होता हो, विकत घ्यायचा नव्हता!

आत गेलो. गारठा म्हणजे काय! बसलो, हिचा हात कुठल्याशा बटणावर पडला आणि ही ओरडली, 'अहो, मी चालले!' 'अगं, कुठे?' 'मागे!'

मग अंधार झाला आणि सिनेमा सुरू झाला. आणि काय सांगू तुम्हाला… नदी उलटी वाहतेय! हिरोचा भांग इकडचा तिकडे! आणि हिरॉईन? दार लावते उजव्या हातानं, पाणी ओतते उजव्या हातानं, डोळे पुसते तेही उजव्या हातानं! म्हटलं, गेलो आज. एवढी वर्षं टिकवलेलं भांडण, आणि एवढे पैसे भरून हरायला आलो मी!

पण ही एक अक्षर बोलली नाही. एरवी एवढं हातात सापडलं असतं तर सोडलं असतं का मला? नुसती हळूच माझ्याकडे बघायची, परत पडद्याकडे बघायची. पडद्याचा उजेड हिच्या तोंडावर हलत होता. म्हटलं, तेव्हा कापडाच्या पलीकडे ही अशीच दिसत असणार… तेवढं मेलं मागे बसून बघायचं राहूनच गेलं होतं.

आणि बाजार आला! व्हिलन मिशीला पीळ देत पुढे येतोय, मी खुर्चीचे हात घट्ट धरलेत, आणि ही म्हणते, 'अहो, घसा सुकलाय. पाणी आणा.' 'आत्ता?' 'आत्ता.' 'अगं, थोबाडीत येतेय ना!' 'येऊ दे. मला ठसका लागला तर?'

गेलो. काय करता? बाहेर पाण्याची किंमत ऐकली आणि माझाच घसा सुकला. तो विकणारा म्हणतो, 'आजोबा, सोबत लाह्या घ्या, स्वस्त पडेल.' जास्त पैसे देऊन स्वस्त कसं पडतं हो? सिनेमा बघायचा होता, विकत नव्हता घ्यायचा… दिले पैसे. धावत आत आलो, तर व्हिलन तुरुंगात आणि हिरो-हिरॉईन बैलगाडीत!

खाली वाकून विचारलं, 'कुठल्या हातानं मारली?'

'मी कुठे बघितली? डोळे मिटून बसले होते.'

'का गं?'

'एवढी वर्षं दोघं मिळून भांडलो, आणि निकाल मी एकटीनं बघू होय?'

मी आणलेली बाटली तिच्या मांडीवर तशीच, बूचसुद्धा उघडलं नव्हतं तिनं.

बाहेर सूनबाई वाटच बघत होती. 'काय, कोण जिंकलं?' ही म्हणाली, 'बघायचं राहिलं गं. पण उजव्याच हातानं मारली असणार.' म्हटलं, 'डाव्या!' 'उजव्या!' 'डाव्या!' सूनबाईनं कपाळाला हात लावला. 'मग उद्याची तिकिटं काढू का परत?'

म्हटलं, नको गं बाई. सगळंच महाग झालंय. घरात हे एवढं एक भांडण काय ते फुकटात चाललंय… चालू दे.