गंगूचं नाव गाळलेलं गाणं

आम्ही धनगर, फुलंब्रीकडचे. शाळा म्हणाल तर पाटीपुरती. दुष्काळात रान वाळलं, बारवंला चिखलबी ऱ्हायला नाय, तवा मेंढरं इकली अन् हौसाला, माझ्या मंडळीला, घेऊन शहरात आलो. काय सांगू तुम्हाला, गावात प्यायला पाणी नाय अन् इथं रोज नवी बिल्डिंग उभी ऱ्हायची, सिमेंटावर मारायला पाणी व्हतं. तिथंच म्या वाचमन, कडंला पत्र्याची खोली. आमची गंगू, एवढीशी, त्याच उन्हाळ्यात हगवणीनं गेली. दवाखान्यात नेईस्तोवर... जाऊ द्या. दुसरं लेकरू झालं नाय.

तर ओवीचं सांगत व्हतो. शेजारी पारूबाई, जालन्याकडून आलेली बौद्धाची बाई, लई फटकळ. जातं तिचं गावालाच ऱ्हायलं, मग टँकरच्या रांगेत बसूनच ओव्या म्हणायची, आपल्याच जोडलेल्या:

टँकर आला बाई, घागर भरली काठोकाठ,
दिगू माझा लेक, त्याची पाहते मी वाट.

दिगू तिचा पोरगा, वाळूजला कंपनीत, शिफ्टवरून यायचा. हौसा घागरीवर हात ठेवून नुस्ती ऐकायची. गंगू गेल्यापास्नं तिच्या तोंडातून शब्द नव्हता. अन् एक दिवस पारूबाईनं पहिली ओळ सोडली अन् दुसरी हौसानं उचलली, गंगू माझी लेक, तिची उगंच पाहते वाट. सगळी रांग वळून बघाया लागली. पारूबाई म्हणली, अगं भवाने, माझी ओवी चोरलीस व्हय? हौसा म्हणली, चोरली कुठं, अर्धी तुझीच हाय की. मग दोघी गळ्यात पडून रडल्या. तवापास्नं ती ओवी दोघींची, एकीनं टाकायची, दुसरीनं आपलं नाव घालून उचलायची. जात्यावरबी आसंच असतं बघा, समोरचीचं ऐकल्याबगर खुंटा फिरत नाय.

हौसा जाऊन वरीस होत आलं. घरात आवाज म्हणून नाय. चहा ठेवतो तर दोन कप पाणी टाकतो अन् मग सांडून देतो.

दिगूनं कंपनी सोडून डीजे टाकलाय. हौसा व्हती तवा तिच्या एकटीच्या तोंडून ती ओवी, दोन्ही ओळी, त्यानं मोबाईलात भरून घेतली व्हती. एकदा पुंडलिकनगरात हळदीला गेलो, तर तिथं हौसा गायली! खाली ढोल, घागर भरली काठोकाठ, काठोकाठ, अन् पोरी नाचतायत. म्या दुसऱ्या ओळीसाठी थांबलो. आलीच नाय. गंगूचं नाव जगात त्या एका ओवीत व्हतं हो, तिचा साधा फोटो नाय आमच्याकडं.

तसाच दिगूच्या मशीनपाशी गेलो. म्हणलं, दिग्या, गाढवा, माझी लेक कुठंय? तो म्हणला, काका, हळदीत गेलेल्या लेकराचं नाव कसं वाजवू, नवरीच्या आईला काय वाटंल? म्हणलं, मग हौसालाबी काढ, बंद कर. त्यानं खरंच बंद केलं. पोरी वरडाया लागल्या. तो म्हणला, काढतो काका, पण एकदा ऐका, अन् हेडफोन माझ्या कानाला लावला. ढोल नाय, काय नाय, एकटी हौसा. काठोकाठ म्हणली अन् थांबली अन् श्वास आत ओढला तिनं, गंगू म्हणायच्या आधीचा. जलमभर ओवी ऐकली म्या, पण तो श्वास मला कधी गावला नव्हता. दिगू म्हणला, लई ऐकत बसलो काका, ते नाव घ्यायच्या आधी मावशी हर बारी आसाच श्वास घेती. नाव काढलं, श्वास ठेवलाय. तिथं ढोल मारत नाय मी.

म्हणलं, लाव.

आता लई लग्नांत वाजतंय ते, नव्या कॉलन्यांतबी. कुणाला काय ठावं नाय, अन् असूबी नाय. नाचू द्या लेकरांना, भरल्या घरात ऱ्हाऊ द्या. काठोकाठ म्हणून हौसा थांबती, ढोलबी थांबतो, अन् सगळे हात वर करून थांबत्यात. तेवढ्यात म्या लेकीचं नाव घेऊन टाकतो. मग ढोल पडतो.