हरभऱ्याचा बेवड

परप्रांतात, आलमबागच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत मंगळवेढ्याची मराठी कानावर आली, तशी रांगेत मागे उभ्या असलेल्या, मूळच्या तिकडच्याच द्रौपदीबाईंनी हिंदी पेपरात तोंड खुपसलं आणि कान टवकारले. पुढे उभा पुतण्या इथला सरकारी साहेब होता, आणि चुलता त्याची गावाकडची कोरडवाहू जमीन कसणारा.

"तात्या, यंदाही ज्वारीच पेरायची. मिलेट की डिमांड है यार."

"दोन साल ज्वारीच झाली. कणसं तुझ्या मिशीएवढी राहिली. यंदा हरभरा. हरभऱ्याचा बेवड चांगला असतो."

"बेवडा? रानात दारू कौन पी रहा है?"

द्रौपदीबाईंनी हसू खोकल्यात घालवलं.

"बेवड, साहेब! आधीचं पीक मातीत मागं ठेवून जातं ते. पुढच्या ज्वारीला त्याचंच बळ मिळतं."

"आमच्या सेमिनारमध्ये ये वर्ड नहीं आया."

"कसा येईल? तिथं एसी होता, माती नव्हती. तुझी दर तीन वर्षांनी बदली होते ना?"

"हाँ. एका जागी माणूस सडतो."

"अन् एकाच पिकाखाली जमीन लोणच्यासारखी मुरते, व्हय?"

"बस्स! जमीन माझ्या नावावर आहे. ज्वारी पेरा, नाहीतर दुसऱ्याला कसायला देतो."

"हरभरा पेरूनच गाडीत बसलो रे."

"मग विचारायला कशाला आलात?"

"विचारायला कोण आलंय? नातवंडं बघायला आलो, तुझी अक्कल फुकटात बघायला मिळाली. दे खुशाल दुसऱ्याला. पुढच्या साली त्याची ज्वारी डोक्यावर गेली, की त्याला एवढंच सांग, बेवड माझ्या हातचा हाय."