नानांचा स्फटिकाचा देव

नानांच्या देवाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही का?

आमचे शेजारी नाना, जळगावातले कापसाचे दलाल. धुळ्याला एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून ते पितळी वाटीत बसवलेला काचेचा भरीव गोळा घेऊन आले. "स्फटिकाचा देव आहे," म्हणाले आणि अंगणात तुळशीजवळ मांडला. देव उघड्या पितळेवर कसा बसवायचा, म्हणून त्यांच्या बहिणीनं, अक्कांनी, वाटीत लाल वस्त्र अंथरलं.

संध्याकाळी अक्का ओरडल्या, "नाना, देवनं वस्त्र जळी गयं!"

बघतो तर वस्त्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ. दुसऱ्या दिवशी नवं वस्त्र घातलं, तर पुन्हा तीच रेघ. देव कोपला म्हणून अक्कांनी अन्न सोडलं. मग मात्र नानांनी शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांना बोलावलं.

मास्तर म्हणाले, "नाना, हे ऊन मोजायचं यंत्र आहे. वाटीत कागदाची पट्टी ठेवतात, गोळा भिंगासारखं ऊन तिच्यावर एकवटतो. जितका वेळ ऊन, तितकी ती जळते. तुमची रेघ कुठेच तुटलेली नाही, म्हणजे दिवसभर ऊन होतं."

अक्का जेवायला उठल्या. नाना मात्र चिडले.

"वैशाखात जळगावला दिवसभर ऊन होतं, हे यंत्रानं सांगायचं? मास्तर, त्यापेक्षा कोपलेला देव बरा होता. निदान नवीन काहीतरी सांगत होता."