पळसाच्या पानाखाली

—नाई जी, पट्टी सोडत नाई मी. माहा पाय पाहाचा असन तर वरून पाहा, पन पान काढाचं नाई. तीन दिवस बांधून ठेवा लागते, मंग उघडा लागते, हे मी माह्या बापापासून करत आलो, आन तुम्ही कालच्या पोरी मले — नाई, रागानं नाई म्हनत. बसा न, नंदिनी सिस्टर. त्या खाटेवर बसा. यावेळी गाडीच घेऊन आल्या म्हनता. उपकेंद्रापासून इथपर्यंत रस्ता तरी कुठी आहे धड, त्या डायवर विक्कीनं कशी चालवली त्यालेच माहीत. कोनी सांगतलं तुमाले याले? सुकरीनं. दुसरं कोन. म्हनूनच सकाळपासून बोरिंगवर बसली आहे, दोन गुंडं पानी भराले बाईमानसाले इतका टाइम लागते काय? चाळीस वर्षं संसार केला माह्यासंग, आन आता नवऱ्याच्या पाठीमागून दवाखान्याले निरोप धाडते.

झिंगू वैदू म्हनलं तर घोटपासून एटापल्लीपर्यंत कोनी वळखत नाई असं आहे काय? इसरूले अस्वलानं फाडलं, खांद्याचं हाड दिसून राह्यलं होतं — कोनाच्या लेपानं भरलं ते? कंबरमोडीचा पाला, हळद, मोहाच्या टोळीचं, म्हनजे बियाचं, तेल, आन एक मुळी, तिचं नाव सांगत नाई. वरून पळसाचं पान. कुऱ्हाडीचा घाव असो, विळ्याचा असो, भरते जी, घाव भरते, मी खोटं कायले बोलू. चंद्रपूरहून लोक चारचाकी घेऊन येतात या आंगनात. डॉक्टरनं पाय कापा म्हनलेली मानसं येतात, आन माह्या पाल्यानं त्याईचे पाय — हो, सगळ्याईचे नाई. काही काहीईचे.

शुगर, शुगर. मागच्या पावसाळ्यात पंचायतीत तुम्ही बोटाले सुई टोचली आन म्हनल्या, झिंगूभाऊ, तीनशेच्या वर आहे. मी हासलो. म्हनलं, मी चहात साखर घेत नाई, मले कायची शुगर? मंग घरी आलो तवा पाह्यलं, कुडाच्या मागं मी लघवीले बसतो तिथी मुंग्याईची रांग. माह्या बापालेही माहीत होतं हे. मुंग्या लागल्या की मानूस आतून पोखरून राह्यला म्हनून समजाचं, असं म्हने तो. तुमच्या गोळ्या? खाल्ल्या न. आठ दिवस खाल्ल्या. — बरं, चार दिवस. वैदूच्या घरी गोळ्याईचं पाकीट कोनाले दिसलं तर काय म्हनन तो?

यंदा चैतात मोहफुलं वेचाले गेलतो, तवा काटा घुसला. समजलाच नाई मले. दिवसभर हिंडलो जंगलात. घरी आलो तर सुकरी विचारते, सारवलेल्या जमिनीवर हे रक्ताचे पाय कोनाचे — माहेच होते. आन परवा चुलीतला इंगळ पडला पायावर, मी आपला बिडी वढत बसलो होतो, केस जळल्याचा वास आला म्हनून खाली पाह्यलं. असं पाहू नोका माह्याकडं. दुखत नाई म्हनजे चांगलंच न? गुणवंतरावही हेच म्हनत.

गुणवंतराव गुरुजी जी. रिटायर मास्तर, शाळेच्या मागं घर आहे त्याईचं. माह्या दोन्ही पोराईले त्याईनं शिकवलं. दिवाळीच्या आधी चंद्रपूरले दीक्षाभूमीवर गेलते, नवे बूट घालून. दिवसभर चालले, टाच चावली, फोड आला, फुटला. शुगर तर त्याईले पयलेपासून होती. सून म्हने दवाखान्यात नेतो — उर्वशी, लय जपे ती सासऱ्याले — पन गुरुजी म्हनले, नाई, मी झिंगूकडंच जातो. तुम्ही बसल्या न, त्याच खाटेवर बसले आन म्हनले, झिंगू, पुस्तकात नाई ते तुह्या हातात आहे. शिकलेला मानूस असं म्हनते तवा कसं वाटते तुमाले सांगू? आंगात दहा मानसाईचं बळ येते. आन भरला घाव. धान कापाच्या टायमाले वरून कातडी आली, गुलाबी, लेकराच्या गालासारखी, अर्ध्या गावानं येऊन पाह्यली. फक्त उर्वशी एकदा दारात थांबली, म्हने, भाऊ, खरं सांगा, पाय गरम लागते, चंद्रपूरले नेऊ काय? मी म्हनलं, भरताना गरम लागतेच बाई.

मंग काय. मंग काही नाई. ताप आला, गेले. म्हातारे होते.

…नाई. ताप नव्हता तो. तुमालेही माहीत आहे ते. गुरुजी शेवटचे आले त्या दिवशी मी पान काढलं तर वास आला. गोडसर — मोह जास्ती दिवस भिजत राह्यला की येते तसा, पन त्याच्या खाली आनखी एक. तो वास मी वळखतो. लहानपनी बापानं मले एका बैलाचा पाय हुंगाले लावला होता, म्हने, हा वास आला की आपलं काम संपलं, पाला द्याचा नाई, हात लावाचा नाई. गुरुजीच्या टाचेच्या वर मी अंगठा दाबला, तर कातडीखाली कुरकुर वाजलं, वाळल्या पाचोळ्यावर पाय पडल्यासारखं. त्याईले काहीच समजलं नाई, ते पेपर वाचत होते. आन मी नवं पान घेतलं. नवा लेप लावला, बांधला, म्हनलं, आठ दिवसानं या गुरुजी. काऊन? आंगनात चंद्रपूरची गाडी उभी होती न जी. बाप-लेक बसले होते, मोठी मानसं, मी काय करतो ते पाहून राह्यले होते. त्याईच्यासमोर म्हनू काय की माह्यानं होत नाई? चौथ्या दिवशी गुरुजी गेले, चंद्रपूरच्या दवाखान्यात नेता नेता, आष्टीच्या पुलावर, गाडीतच. उर्वशीनं पुण्यानुमोदनाले मले बोलावलं, हात जोडले, म्हने, भाऊ, तुम्ही बाबासाठी लय केलं. जेवलो मी तिथी. दोन वेळा भाजी मागून घेतली. हे सुकरीलेही माहीत नाई. तुमाले काऊन सांगून राह्यलो मी?

अंगठा काळा पडला म्हनता. अंगठाच नाई जी. आज सकाळी मी घोट्याच्या वर दाबून पाह्यलं. — हो. वाजलं. आता रडू नोका, तुम्ही सिस्टर आहा. गुडघ्याखालून पाय जाते पन जीव वाचते, असंच न? आज निघालं तर वाचते. माहीत आहे मले. गुरुजीचाही वाचला असता, तेवढा टाइम होता त्याईच्याकडं, तो मी खाल्ला. आन आता मी कुबडी घेऊन, जिवंत, शाळेच्या मागून जाईन आन उर्वशी वट्ट्यावरून पाहन. शिकलेली आहे ती. सासऱ्याले पाला आन स्वताच्या पायाले दवाखाना — तिले एका दिवसात समजन, मले काही विचारा लागनार नाई. लोकाईचं भेव नाई मले, लोक काहीही बोलतात. तिचं आहे. जो पाला त्याईले देल्ला तोच मी घेऊन राह्यलो, इतकं तरी बरोबरीचं असू द्या.

कोन आहे जी दारात? या, आत या बाई. कोन गाव? मुलचेरा. नाव? कमला. इतक्या दुरून एकट्याच आल्या? — सिस्टर, पाय पाहा तिचा. फडकं गुंडाळलं आहे, ओलं झालं आहे पार, आन चालते कशी पाहा. जराही लंगडत नाई. शुगर आहे काय बाई तुमाले? आहे म्हनते. दुखते काय? नाई म्हनते, बिलकुल नाई म्हनते. हासून सांगून राह्यली.

नाई बाई, माह्याकडं पाला नाई. संपला. सुपात दिसून राह्यला तो तुमच्या कामाचा नाई. हात नोका जोडू, मी देत नाई, फडकंही सोडत नाई. आन खाटेवर बसू नोका. या सिस्टर आहेत, बाहेर गाडी उभी आहे, तिच्यात बसा आन सिध्या चंद्रपूरले जा. गावात कोनी विचारलं तर सांगा, झिंगूनं हातही लावला नाई, हाकलून देल्लं. असंच सांगा. चार जनाईले सांगा.

न्या तिले सिस्टर. रिकामी गाडी नेऊ नोका. जागा आहे म्हनता, दोघाईची जागा आहे, ते मी आयकलं. तिचा हात धरा, पायाखालचा गोटा तिले समजनार नाई. नाई जी, आता बोलू नोका काही. जा. आन जाता जाता दार लोटून घ्या. माश्या येतात आत.