आईचं गुणगुणणं

डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यामुळे निवृत्त शिक्षिका दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी बहीणभाऊ बोलत होते.

“तू लिहायला बसतोस तेव्हा कानात काय लावतोस रे? मला सतार चालेना, बासरी चालेना. कथा दोन महिने अडून बसलीय.”

“मी आईचं गुणगुणणं लावतो, ताई. पेन आपोआप चालतं.”

“कुणाचं?”

“अं... काही नाही.”

“आईचं म्हणालास! तिचा आवाज कुठेच नाही, असं तूच सांगितलं होतंस ना? तीन वर्षं मी धुंडाळतेय. जुने फोनसुद्धा उघडून घेतले!”

“बोलून गेलो चुकून.”

“चुकून? अरे, तीन वर्षं खोटं बोललास माझ्याशी!”

“हळू बोल, लोक आहेत.”

“असू देत. का लपवलंस?”

“हॉस्पिटलातलं आहे ते. शेवटच्या आठवड्यातलं. गुणगुणता गुणगुणता ती मध्येच थांबते आणि विचारते.”

“काय विचारते?”

“ताई निघाली का, म्हणून.”



“मग तू काय सांगतोस?”

“वाटेत आहे, म्हणतो.”

“मी तर तिकीटसुद्धा काढलं नव्हतं रे.”

“आईला कुठे माहीत होतं ते.”

“लाव.”

“इथं नको. घरी गेल्यावर...”

“लाव म्हणते ना!”

नर्सने दोनदा तिचा नंबर पुकारला, तरी शिक्षिका जागची हलली नाही.